इंग्रजीची परीक्षा व घरचा अभ्यास

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे दरवर्षीं कांहीं विद्यार्थी आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात : "गुरुजी, इंग्रजीचें काय करावें?" गणिताविषयीं असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, कारण गणितांत आपणांस काय येत नाहीं हें ज्याचें त्यास ठाऊक असतें. इंग्रजीचें भय निराळें आहे. त्यांत नेमकें काय येत नाहीं हेंच उमगत नाहीं, आणि जें उमगत नाहीं त्याची भीति अधिक वाटते. महाविद्यालयाच्या दारांत इंग्रजीची जी परीक्षा उभी असते, तिची तयारी आपल्या नांदूरघाटासारख्या गांवीं, घरच्या घरीं कशी करतां येईल, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींही हा लेख वाचावा, निदान मुलांकडून वाचवून घ्यावा, अशी विनंति आहे. कारण शेवटीं एक महत्त्वाचें काम आम्ही त्यांच्याकडेच सोपविणार आहों.

हें संकट आजचें नाहीं, हें पहिल्यानें लक्षांत घ्यावें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले आणि अवघे २२ उत्तीर्ण झाले. त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. केंब्रिज विद्यापीठानें परदेशीयांसाठीं इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा १९१३ सालीं प्रथम घेतली. तीस तिघे बसले आणि तिघेही नापास झाले! तेव्हां इंग्रजी अवघड वाटतें म्हणून कोणीं आपणांस मंदबुद्धि समजण्याचें कारण नाहीं.

आपल्या मराठवाड्यांतील मागील पिढ्यांची वाट तर फारच बिकट होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत सारें शिक्षण उर्दूंतून होई व इंग्रजी हा विषयही सक्तीचा असे. म्हणजे मराठी मुलानें घरीं मराठी बोलावें, शास्त्र आणि इतिहास उर्दूंतून शिकावा, आणि वर इंग्रजीची परीक्षा द्यावी! पुढें १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें महाविद्यालय काढलें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. इ. स. २००० पासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. म्हणजे आज बारावीस बसणारा विद्यार्थी बारा वर्षें इंग्रजी शिकलेला असतो. तरीही भय उरतें, याचें कारण आमच्या मतें एकच आहे : आपण इंग्रजी पाठ करितों, इंग्रजीचा सराव करीत नाहीं.

आतां परीक्षेंत काय विचारतात तें पाहूं. आपल्या बारावीच्या परीक्षेंत इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची व तोंडी २० गुणांची असते. केंद्रीय विद्यापीठांतील प्रवेशासाठीं २०२२ पासून एक सामाईक परीक्षा निघाली आहे. २०२५ सालीं तिच्या इंग्रजीच्या भागांत ५० प्रश्न असून वेळ ६० मिनिटांचा होता. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. बरोबर उत्तरास ५ गुण, आणि चुकीच्या उत्तराबद्दल १ गुण वजा. त्यांत न वाचलेले उतारे, शब्दांचे अर्थ व विरुद्धार्थ, वाक्याच्या विस्कटलेल्या भागांची जुळणी, गाळलेल्या जागीं योग्य शब्द, असे प्रश्न असतात. बाजारांतील गाईडांतून पाठ केलेला निबंध येथें उपयोगीं पडत नाहीं. व्याकरण, शब्द आणि वाचन या तिहींवरच सारी भिस्त आहे. त्यांचा क्रमानें विचार करूं.

व्याकरणाचें नांव काढतांच व्याख्यांची आठवण होते. पण परीक्षेंत व्याख्या क्वचितच विचारतात. वाक्य शुद्ध आहे कीं नाहीं हें विचारतात. आणि मराठी मुलांच्या चुका वाटेल तेथें होत नाहींत, असा आमचा अनुभव आहे. त्या ठराविक जागीं होतात, कारण त्यांतील पुष्कळशा मराठींतून आलेल्या असतात. या जागा ओळखल्या म्हणजे निम्मा अभ्यास झाला.

पहिली जागा शब्दांच्या क्रमाची. "माणसानें वाघाला मारलें" आणि "वाघाला माणसानें मारलें" या दोन्ही वाक्यांचा अर्थ मराठींत एकच. कारण कोणीं मारलें व कोणास मारलें हें प्रत्यय सांगतात. इंग्रजींत नामांना असे प्रत्यय नाहींत. तेथें जागाच प्रत्ययाचें काम करते. "द मॅन किल्ड द टायगर" यांत वाघ मेला. "द टायगर किल्ड द मॅन" यांत माणूस मेला. म्हणून लांब वाक्य समोर आलें कीं आधीं क्रियापद शोधावें, मग त्याच्या आधीं कर्ता कोण हें पाहावें. विस्कटलेलीं वाक्यें जुळविण्याच्या प्रश्नाची किल्ली हीच आहे.

दुसरी जागा "अ", "ॲन" आणि "द" या तीन लहान शब्दांची. मराठींत ते नाहींत, म्हणून आपण ते विसरतों. पण आजीची गोष्ट आठवा : "एका गांवांत एक म्हातारी राहत असे. त्या म्हातारीला एक मुलगा होता." प्रथम उल्लेख झाला तेव्हां "एक म्हातारी", ओळख झाल्यावर "ती म्हातारी". इंग्रजींत बहुधा पहिल्या जागीं "अ" व दुसऱ्या जागीं "द" येतो. "अ" कीं "ॲन" हें मात्र अक्षरावरून न ठरवितां उच्चारावरून ठरवावें. म्हणून "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी".

तिसरी जागा काळाची. "मी आठ वर्षांपासून इंग्रजी शिकत आहें" याचें भाषांतर मुलें "आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स एट इयर्स" असें करितात. येथें दोन चुका आहेत. पूर्वीं सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेस "हॅव बीन लर्निंग" असें रूप लागतें. आणि किती काळ हें सांगतांना "फॉर", केव्हांपासून हें सांगतांना "सिन्स" येतो. मराठींतील एक "पासून" इंग्रजींत असा दोन घरीं वांटला गेला आहे.

चौथी जागा जोडशब्दांची. "जरी पाऊस पडत होता तरी तो आला" या वाक्यांतील "जरी" व "तरी" दोन्ही इंग्रजींत नेऊन मुलें "ऑल्दो" लिहितात आणि पुढें "बट"ही लिहितात. इंग्रजीस दोहोंपैकीं एकच पुरतो. पांचवी जागा प्रश्नार्थक शब्दांची. "तो कोठें राहतो हें मला ठाऊक नाहीं" हें वाक्य "आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज" असें होतें; "व्हेअर डज ही लिव्ह" हा क्रम सरळ प्रश्नापुरताच असतो. सहावी जागा "शीं", "वर", "विषयीं" अशा शब्दांची. आपण "तिच्याशीं लग्न झालें" म्हणतों, म्हणून मुलें "मॅरीड विथ" लिहितात. इंग्रज "मॅरीड टू" म्हणतो. आपण "त्याविषयीं चर्चा केली" म्हणतों. इंग्रजींत "डिस्कस" या क्रियापदापुढें "अबाउट" लागत नाहीं. अशा जोड्यांना नियम थोडे. त्या वहींत टिपून ठेवाव्या हेंच बरें.

व्याकरणाच्या सरावाची एक जुनी रीति आम्ही आवर्जून सांगतों. आपल्याकडे तर्खडकरांच्या तीन भागांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराचा हा मार्ग विलायतेसही परका नव्हता. पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांनीं लॅटिन शिकविण्यासाठीं दुहेरी भाषांतराची रीति सांगितली. त्यांचा ग्रंथ १५७० सालीं छापला गेला. रीति सोपी आहे. आज इंग्रजीचा आठ ओळींचा उतारा घ्यावा आणि शुद्ध मराठींत उतरवावा. पुस्तक मिटावें. उद्यां त्या मराठीवरून पुन्हां इंग्रजी लिहावें, आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावें. जेथें फरक पडला तेथें आपली चूक किंवा निदान शिकण्याजोगें कांहीं तरी आहे. ज्या गांवीं शिकवणीची सोय नाहीं तेथें याहून चांगला गुरु मिळणें कठीण. मूळ पुस्तकच आपली वही तपासतें, आणि फीही मागत नाहीं.

आतां शब्दांकडे वळूं. कोश घेऊन पहिल्या पानापासून शब्द पाठ करणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांचे कष्ट पाहून वाईट वाटतें. कारण सर्व शब्दांची योग्यता सारखी नसते. मायकेल वेस्ट नांवाचे इंग्रज शिक्षक पूर्वीं बंगालमध्यें डाक्का येथें होते. त्यांनीं १९५३ सालीं इंग्रजींतील अत्यंत उपयोगी अशा सुमारें २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य लेखनांतील दर शंभर शब्दांपैकीं सुमारें ऐंशीं याच मंडळींतले असतात. म्हणून ज्याचे हे शब्द कच्चे आहेत त्यानें अवघड शब्दांच्या मागें धांवूं नये. आधीं पाया भरावा, मग माडी चढवावी.

शब्द एकटा शिकूं नये. त्याच्या कुटुंबासह शिकावा. "डिसाइड" म्हणजे ठरविणें. त्यावरून "डिसिजन" म्हणजे निर्णय, "डिसायसिव्ह" म्हणजे निर्णायक, "इनडिसिजन" म्हणजे मनाची चलबिचल. एका शब्दाच्या श्रमांत चार शब्द हातीं लागतात, आणि गाळलेल्या जागीं नाम हवें कीं विशेषण हेंही कळूं लागतें. तसेंच एका शब्दाचे अनेक अर्थ असतात हें विसरूं नये. "बँक" म्हणजे पैशांची पेढी हें सर्वांस ठाऊक. पण "बँक" म्हणजे नदीचा कांठही होतो. मांजरेच्या कांठीं गुरें चरत होतीं असें वाक्य इंग्रजींत आलें तर गुरें पेढींत शिरलीं असें कोणीं समजूं नये!

शिवाय आपल्याजवळ जें भांडवल आहे तें आपण मोजीतच नाहीं. मोटार, पंप, स्टार्टर, फ्यूज, ट्रॅक्टर, ट्रॉली, तिकीट, स्टँड हे शब्द शेतांत व रस्त्यावर रोज बोलले जातात. त्यांचें शुद्ध लेखन आणि उच्चार पाहिले कीं ते आपले झाले. आणि देवघेव एकीकडूनच झालेली नाहीं. आपल्या शेताच्या बांधावरून पळणारा मुंगूस इंग्रजींत "मॉंगूस" होऊन गेला आहे. कोशकार त्याचें मूळ मराठींत दाखवितात. ज्या भाषेनें आपला मुंगूस घेतला तिला इतकें भिण्याचें कारण काय?

पाठ केलेला शब्द टिकत कां नाहीं, याचाही शोध लागला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं दाखविलें कीं, शिकलेलें आपण पहिल्या कांहीं तासांतच पुष्कळसें विसरतों. पण थोड्या थोड्या अंतरानें उजळणी केली तर तें टिकतें. म्हणून आज लिहिलेले आठ शब्द उद्यां पाहावे, तीन दिवसांनीं पाहावे, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हां पाहावे. प्रत्येक शब्द आपल्या स्वतःच्या एका वाक्यांत घालावा. एका रात्रींत शंभर शब्द घोकणाऱ्यापेक्षां रोज आठ शब्द सांभाळणारा परीक्षेच्या दिवशीं श्रीमंत ठरतो.

तिसरें अंग वाचनाचें, आणि आमच्या मतें हेंच सर्वांत मोठें. पुस्तक कसें निवडावें? भाषाशास्त्रज्ञांचा असा निष्कर्ष आहे कीं, शंभर शब्दांपैकीं सुमारें अठ्ठ्याण्णव ओळखीचे असले तर मनुष्य कोणाच्या मदतीवांचून सुखानें वाचूं शकतो. तेव्हां पुस्तकाचें कोणतेंही पान उघडून शंभर शब्द मोजावे. अनोळखी शब्द दोन-तीनच निघाले तर पुस्तक खुशाल घरीं न्यावें. दहा निघाले तर तें तूर्त फळीवर ठेवावें. बारावीच्या विद्यार्थ्यानें आठवीचें इंग्रजी पुस्तक वाचण्यांत कमीपणा नाहीं. अवघड पुस्तकाचें एक पान रडत वाचण्यापेक्षां सोप्या पुस्तकाचीं दहा पानें हंसत वाचणें अधिक फलदायी होतें.

परीक्षेंतील उतारा मात्र निराळ्या रीतीनें वाचावा. पहिल्यानें सर्व उतारा एकदां न थांबतां वाचून "हा कशाविषयीं आहे?" एवढेंच स्वतःस विचारावें. मग प्रश्न वाचावे, आणि प्रत्येक उत्तराचा आधार उताऱ्यांत बोट ठेवून शोधावा. कांहीं प्रश्नांचें उत्तर शब्दांत लिहिलेलें नसतें; तें ओळखावें लागतें. समजा, उताऱ्यांत असें वाक्य आहे : "टँकरचा भोंगा ऐकतांच निजलेलीं मुलेंसुद्धां घागरी घेऊन धांवलीं." आणि विचारलें कीं, गांवाची स्थिति कशी होती? "टंचाई" हा शब्द वाक्यांत कोठेंच नाहीं. तरी आपल्या जिल्ह्यांतील मुलास तें सांगावें लागत नाहीं. उलट "मुलांना धांवण्याची हौस होती" असें एक उत्तर पुढें ठेवलेलें असेल, आणि त्यांत उताऱ्यांतलाच "धांवणें" हा शब्द असेल. हें आमिष आहे. शब्द जुळला म्हणून अर्थ जुळला असें नाहीं.

चुकीस गुण वजा होतात म्हणून कित्येक भित्रे विद्यार्थी उत्तरच देत नाहींत. वर सांगितलेल्या परीक्षेंत चार पर्यायांपैकीं दोन निश्चित चुकीचे ठरवितां आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडण्यांत लाभाचा संभव हानीपेक्षां कितीतरी अधिक असतो. अशा वेळीं विचार करून धीरानें उत्तर द्यावें. परंतु एकाच प्रश्नाशीं पांच मिनिटें झुंजत बसूं नये.

हें सर्व करावयास रोज एक तास पुरे. पंधरा मिनिटें दुहेरी भाषांतर, दहा मिनिटें शब्दांची उजळणी, पंचवीस मिनिटें वाचन, व शेवटचीं दहा मिनिटें मोठ्यानें वाचणें. मोठ्यानें वाचल्यानें जीभ वळते, आणि तोंडी परीक्षेच्या वेळीं घसा कोरडा पडत नाहीं. आठवड्यांतून एकदां घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि चुकलेले प्रश्न वहींत उतरून घ्यावे. गुण किती मिळाले यापेक्षां चूक कोणत्या जागेची होती हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

येथें मनांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. कांहीं मुलें आजीजवळ मागें राहतात, कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात. अशा मुलांची शाळा महिनोन्‌महिने तुटते आणि कित्येकांची कायमची सुटते. वर ज्यांचा उल्लेख केला त्या वेस्टसाहेबांस बंगालमध्यें हाच प्रश्न पडला होता : जो मुलगा शिक्षण अर्धें टाकून जातो त्याच्या हातीं काय उरतें? त्यांचें मत असें होतें कीं, वाचनापासून आरंभ करावा. कारण बोलणें व लिहिणें अर्धवट राहिलें तर तें फारसें उपयोगीं पडत नाहीं, पण वाचतां येऊं लागलें तर जितकें आलें तितकें त्याच्याजवळ राहतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, फडावर जाणाऱ्या मुलाच्या पिशवींत एक सोपें इंग्रजी पुस्तक आणि एक वही अवश्य असावी. पाचटाच्या खोपींतही आठ ओळींचें भाषांतर करतां येतें.

आतां पालकांकडे सोपवावयाचें काम. पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही काय अभ्यास घेणार?" त्यांस आमचें सांगणें असें कीं, इंग्रजी न येणारा पालकच खरा परीक्षक होऊं शकतो. रात्रीं जेवणानंतर मुलास जवळ बसवावें आणि म्हणावें, "आज इंग्रजींत काय वाचलेंस तें मला मराठींत सांग." मूल सरळ, सुसंबद्ध सांगूं लागलें, "मग काय झालें?" या प्रश्नास त्यास उत्तर देतां आलें, तर त्यास उतारा समजला. तें अडखळलें, गोलमाल बोलूं लागलें, तर त्यानें शब्द वाचले, अर्थ वाचला नाहीं. ही परीक्षा घेण्यास इंग्रजीचें एक अक्षरही लागत नाहीं. लागतो तो पाव तास आणि थोडें ममत्व. घरांत आजी असेल तर उत्तमच, तिच्याइतक्या चिकाटीनें "मग काय झालें?" असें विचारणारें दुसरें कोण आहे?

विद्यार्थिमित्रांनो, इंग्रजीसाठीं मराठी टाकावी लागते असा एक समज पसरला आहे. तो खरा नाहीं. ज्यास आपल्या भाषेंत वाक्याचा कर्ता ओळखतां येतो, गोष्टीचें मर्म सांगतां येतें, त्याचीच इंग्रजी लवकर सुधारते. तेव्हां आजच संध्याकाळीं एक कोरी वही घ्या, तिच्या पहिल्या पानावर तारीख घाला, आणि आठ ओळींपासून आरंभ करा. आठवड्यानें ती वही आम्हांस आणून दाखवा. चुका असल्या तरी चालेल. पानें मात्र कोरीं नसावीं.